सर्जा मावशींना का ओळखत नव्हता?

मित्रांनो, मागच्या वर्षी तान्हा पोळ्याच्या दिवशी होस्टेलच्या गेटजवळ एक विचित्र बैल उभा होता, आठवतो का? अंग प्लायवूडचं, शिंगं थर्माकोलची आणि तोंडाच्या जागी जुना एलसीडी मॉनिटर. तो आमचा सर्जा. समोर माणूस आला की डोळे उघडायचा, मान वळवून बघायचा, अंगावर हात ठेवला की कान हलवायचा. निदान तसं करणं अपेक्षित होतं. त्या दिवशी त्यानं बऱ्याच जणांना ओळखलं, आणि ज्यांना ओळखायला हवं होतं नेमकं त्यांनाच ओळखलं नाही. ते का, हे शोधायला आम्हाला जवळजवळ एक सेमिस्टर लागलं. त्या शोधाचा हा वृत्तांत. इलेक्ट्रॉनिक्सच्या ज्युनिअर्सना यातून प्रोजेक्टला विषय मिळेल, आणि मेकॅनिकलवाल्यांना हसायला कारण.

कोल्हापूर-सांगलीकडून आलेल्या मित्रांसाठी आधी थोडं. पोळा म्हणजे खऱ्या बैलांचा सण. आमच्या विदर्भात त्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, तो पोरांचा. चाकं लावलेला लाकडी नंदी सजवून पोरं घरोघरी जातात आणि 'बोजारा' मागतात, म्हणजे खाऊ किंवा पैसे. नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघुजींनी 1806 मध्ये हा सण सुरू केला अशी परंपरा आहे. सणाआधी महालात, इतवारीत लाकडी नंदी विकायला येतात. हाताच्या पंजाएवढ्यापासून पोरगं वर बसेल एवढ्यापर्यंत. लक्षात घ्या, हा नंदी लाकडाचा आहे हे तीन वर्षांच्या पोरालाही माहीत असतं. तरी त्याला टिळा लावतात, माळ घालतात, पुरणपोळीचा घास तोंडाशी नेतात. या गोष्टीकडे मी पुन्हा येणार आहे.

आमची कल्पना साधी होती. शाळेत असताना रमण विज्ञान केंद्रात सहल गेली होती. तिथे बटण दाबलं की काहीतरी हलतं, याचं फार अप्रूप वाटलं होतं. पण बटण दाबणं वेगळं आणि आपण नुसतं समोर गेल्यावर कुणीतरी आपली दखल घेणं वेगळं. बटण दाबतो तेव्हा आपण यंत्र चालवतो. दखल घेतली गेली की समोर यंत्र नसून 'कुणीतरी' आहे असं वाटतं.

ही कल्पना आमची नव्हेच म्हणा. अमेरिकेत मायरन क्रूगर या माणसानं 1970 च्या दशकात 'व्हिडिओप्लेस' नावाची रचना उभी केली. तुम्ही कॅमेऱ्यासमोर उभे राहिलात की तुमची सावली पडद्यावर दिसे. त्यात 'क्रिटर' नावाचा एक चिमुकला प्राणी होता. तो तुमच्या सावलीच्या मागे लागे, अंगावर चढे, आणि डोक्यावर पोचला की नाचायला लागे. पुढे 1990 च्या दशकात एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये पॅटी मेस, ब्रूस ब्लुमबर्ग वगैरे मंडळींनी 'अलाइव्ह' नावाची खोली केली. मोठ्या पडद्यात आरशासारखे तुम्ही दिसता आणि तुमच्या शेजारी सायलस नावाचा संगणकी कुत्रा. हातात मोजे नाहीत, डोक्यावर हेल्मेट नाही. हातानं खूण केली की कुत्रा बसायचा. त्यानंतर 1996 मध्ये तामागोची आलं, 1999 मध्ये सोनीचा आयबो आला. आयबोच्या डोक्यावर स्पर्श कळणारा सेन्सर होता. सोनीनं 2006 मध्ये त्याचं उत्पादन थांबवलं आणि 2014 मध्ये दुरुस्तीही बंद केली. तेव्हा जपानमधल्या चिबा प्रांतातल्या एका बौद्ध मंदिरात या यंत्र-कुत्र्यांचे अंत्यविधी होऊ लागले. (नवा आयबो 2018 मध्ये आला, ती गोष्ट निराळी.)

तर आम्ही ठरवलं, कुत्रा झाला, आता बैल.

पहिला प्रश्न : समोर कुणी आलंय हे कसं कळणार?

सगळे लावतात तोच पीआयआर सेन्सर आम्हीही लावला. बर्डीवर कुठल्याही दुकानात मिळतो. पांढऱ्या प्लास्टिकच्या टोपीखाली दोन छोटे तुकडे असतात, एकमेकांच्या उलट जोडलेले. अंगातून निघणारी उष्णतेची किरणं एका तुकड्यावर आधी आणि दुसऱ्यावर नंतर पडली की फरक निर्माण होतो, आणि तो फरक म्हणजे हालचाल. म्हणजे हा सेन्सर माणूस पाहत नाही. तो माणूस आणि मागची भिंत यांच्या तापमानातला फरक पाहतो.

आता हे नागपुरात आणि एप्रिल-मेमध्ये करून बघा! आपल्या कातडीचं तापमान साधारण 33-34 अंश. डिसेंबरच्या सकाळी भिंत 15 अंशांवर असते, तेव्हा सेन्सरला माणूस दिव्यासारखा दिसतो. मेमध्ये आमचा सर्जा भर दुपारी 44 अंशांत बरा चालायचा आणि संध्याकाळी सात-आठला आंधळा व्हायचा. आम्ही वायरिंग तीनदा बदललं. शेवटी पार्टनरच्या डोक्यात प्रकाश पडला की दुपारी माणूस भिंतीपेक्षा थंड असतो, म्हणजे फरक आहेच, फक्त उलटा. संध्याकाळी भिंत उतरत उतरत 35-36 वर येते तेव्हा माणूस आणि भिंत एकच होतात. वरून कूलरचा झोत सेन्सरवर आला की कुणी नसताना बैल दचकून जागा व्हायचा. रात्री दोन वाजता खोलीत एकटा बैल मान हलवतोय हे दृश्य आमच्या शेजारच्या खोलीतला सिव्हिलवाला अजून विसरलेला नाही.

मग अल्ट्रासॉनिक लावला. आवाज पाठवायचा, प्रतिध्वनी यायला किती वेळ लागला ते मोजायचं, अर्ध करायचं. इथेही हवामान आडवं येतं. पुस्तकातला 343 मीटर प्रतिसेकंद हा वेग 20 अंशांचा आहे. 45 अंशांना तो साधारण 358 होतो. प्रोग्रॅममध्ये 343 च ठेवलं तर दोन मीटरवरचा माणूस आठ-नऊ सेंटीमीटर जवळ वाटतो. बैलासाठी एवढी चूक चालते. व्हायवामध्ये चालत नाही, तेव्हा लक्षात ठेवा.

अंतर कळलं, पण चेहरा कुठे आहे ते कळल्याशिवाय सर्जा नजर देणार कशी? म्हणून वेबकॅम आणि पॉल व्हायोला-मायकेल जोन्स यांची 2001 ची पद्धत. चेहऱ्याच्या चित्रात काही चौकोन घेऊन त्यांतला उजेड-अंधार ती तपासते. डोळ्यांचा पट्टा गालांपेक्षा काळसर, नाकाचा दांडा दोन्ही बाजूंपेक्षा उजळ, अशा बारीकसारीक चाळण्या एकामागे एक लावत जाते. जुन्या लॅपटॉपवरही झकास चालते. मात्र चेहरा समोरून दिसला पाहिजे. ही अट आम्ही जर्नलमध्ये एका ओळीत लिहून टाकली आणि विसरून गेलो.

दुसरा प्रश्न : हात लावला हे कसं कळणार?

प्लायवूडवर आतून तांब्याची पट्टी चिकटवायची, एक मेगाओहमचा रेझिस्टर लावायचा आणि मायक्रोकंट्रोलरच्या एका पिननं ती पट्टी चार्ज करायची. पट्टीची स्वतःची कपॅसिटी समजा 30 पिकोफॅरड. एक मेगाओहम गुणिले 30 पिकोफॅरड म्हणजे 30 मायक्रोसेकंद. हात जवळ आला की त्यात पाच-दहा पिकोफॅरडची भर पडते आणि वेळ 35-40 वर जातो. बस, एवढंच. तुमच्या मोबाइलचा पडदाही मूळ याच तत्त्वावर चालतो. किती वाढ झाली की 'स्पर्श' म्हणायचं, तो आकडा म्हणजे थ्रेशोल्ड. तो आम्ही कसा ठरवला? आम्ही चौघांनी आपापले हात लावून पाहिले, सगळ्यांत कमी आकडा घेतला, त्यातून थोडा वजा केला. झालं.

पट्ट्या लावल्या दोन. एक कपाळावर, एक पाठीवर. का? तर आयबोला डोक्यावर सेन्सर होता म्हणून. खरंच, याहून दुसरं कारण नव्हतं.

आणि एक लबाडी. आधी एका कॉलेजच्या स्पर्धेत सर्जा ऐनवेळी अडकला होता. तेव्हापासून पार्टनर वायरलेस कीबोर्ड घेऊन खांबामागे उभा राहायचा. काही बिघडलं की स्पेसबार दाबायचा, बैल मान हलवणार. परीक्षकांना ते कळलं नव्हतं.

तान्हा पोळा

संध्याकाळी गेटवर गर्दी झाली. कॉलनीतली पोरं आपापले नंदी घेऊन आली. सर्जा मस्त चालला. सर-मॅडमनी कौतुक केलं, फोटो काढले. मग मेसच्या मावशी आल्या. ज्या मावशी तुम्हाआम्हाला रोज पोळ्या वाढतात त्याच. घरून वाटीत कुंकू-हळद आणि पुरणपोळीचा तुकडा घेऊन आल्या होत्या.

सर्जानं डोळे उघडले. मावशींनी पदर डोक्यावर घेतला, हात जोडले, मान खाली केली. आणि सर्जानं तोंड फिरवून डोळे मिटले.

मान वाकली, चेहरा कॅमेऱ्यातून गेला, प्रोग्रॅमनं ठरवलं की माणूस निघून गेला. नंदीसमोर माणूस वाकणार, ही गोष्ट चार इंजिनिअरांपैकी एकाच्याही डोक्यात आली नव्हती.

मावशींनी मग हात लावला. कपाळाला नाही, पाठीलाही नाही, खांद्याला. तिथे पट्टीच नव्हती. थोडा वेळ थांबून त्यांनी कपाळाला हात लावला, तरी काही नाही. त्या म्हणाल्या, "काहून रे पोट्टेहो, मलेच नाई वयखत का हा? सायबाले तर मान हालवे."

तेवढ्यात पार्टनरनं खांबामागून स्पेसबार दाबला. सर्जानं जोरजोरात मान हलवली आणि हसला. हो, आम्ही त्याला कार्टूनसारखं हसायला शिकवलं होतं. मावशींनी सरळ खांबाकडे पाहिलं. "तूनं दाबलं ना बावा ते? राहू दे." पुरणपोळी सर्जासमोर ठेवली आणि गेल्या.

रागावल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी भाजी वाढली. पण आम्हा चौघांना त्या रात्री जेवण गेलं नाही.

शोध

आधी आम्हाला वाटलं, ग्राउंडिंगचा दोष. संध्याकाळी लाइट गेली होती आणि सर्जा बॅटरीवर होता. कपॅसिटिव्ह सेन्सरमध्ये हातातून जमिनीपर्यंतचा रस्ताही सर्किटचा भाग असतो. सर्किट बॅटरीवर एकटं पडलं की स्पर्शाचा आकडा घसरतो, हे खरं आहे. पण त्याच बॅटरीवर नंतर आमच्या हातांना सर्जा प्रतिसाद देत होता. म्हणजे केवळ तेवढं कारण नव्हतं.

शेवटी मावशींनाच विचारायचं ठरलं. आठवडाभर आम्ही एकमेकांवर ढकलत होतो, कोण विचारणार म्हणून. दुपारी मेस रिकामी झाल्यावर गेलो आणि नुसती पट्टी आणि लॅपटॉप पुढे ठेवून म्हटलं, "मावशी, जरा हात ठेवता का?" माझ्या बोटानं आकडा चारशेच्या वर जात होता. मावशींच्या बोटानं तो अडीचशेच्या आसपास अडकला. थ्रेशोल्ड होता तीनशे.

त्यांचा हात मी पहिल्यांदा नीट पाहिला. तवा, राख, कपड्यांचा सोडा, आणि लहानपणापासून शेतातलं निंदण. बोटांची टोकं कडक, कोरडी, भेगाळलेली. कपॅसिटन्सचं सूत्र बारावीचं आहे : क्षेत्रफळ भागिले अंतर. मऊ बोट पट्टीवर पसरतं, क्षेत्रफळ वाढतं. कडक बोट पसरत नाही. शिवाय वरचा कोरडा जाड थर वीज नीट वाहू देत नाही, म्हणजे आतलं ओलसर मांस पट्टीपासून तेवढं दूर राहतं आणि अंतर वाढतं. वर कमी, खाली जास्त. आकडा पडणारच. मावशी म्हणाल्या, "पोराच्या मोबाइलवरबी असंच होते. मले वाटे मले येत नाई."

'मले येत नाई.' दोष यंत्रात असताना माणूस तो स्वतःवर घेतो, हे मला त्या दिवशी कळलं. असो.

चेहऱ्यांच्या बाबतीत अशा गोष्टी जगात मोजल्या गेल्या आहेत. जॉय बुओलाम्विनी आणि टिम्निट गेब्रू यांनी 2018 मध्ये चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे सांगणाऱ्या तीन कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या. सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत चूक 34.7 टक्क्यांपर्यंत गेली, गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत ती एक टक्क्याच्या आत होती. यंत्र मुद्दाम भेदभाव करत नाही. ज्यांच्यावर ते घडवलं, तपासलं, त्यांनाच ते ओळखतं. आमचा सर्जा चार मऊ हातांवर घडला होता.

दुरुस्ती

थ्रेशोल्ड नुसता खाली आणला तर पावसाळ्यात दमट हवेनं सर्जा आपोआप कान हलवू लागतो. म्हणून ठरीव आकडा काढूनच टाकला. आता प्रोग्रॅम सतत 'कुणी नसताना' चा आकडा हळूहळू मोजत राहतो आणि त्यापेक्षा झटकन किती वाढ झाली ते बघतो. हवेतला बदल तासाभरात होतो, हाताचा बदल अर्ध्या सेकंदात. या वेगातल्या फरकावर सगळी भिस्त. पट्टीही मोठी केली, आणि वरचं प्लाय पातळ.

चेहरा दिसेनासा झाला तरी अल्ट्रासॉनिकचं अंतर तेवढंच असेल तर माणूस गेलेला नाही, वाकला आहे, असं धरायचं. अशा वेळी सर्जा आपलीही मान खाली करतो. हा नियम लिहायला सहा ओळी लागल्या.

ज्युनिअर्ससाठी एक सूचना : प्रोग्रॅममध्ये 'डिले' वापरू नका. आमचा बैल कान हलवत असताना बाकी सगळ्याला बहिरा असायचा. स्पर्शानंतर दशांश सेकंदाच्या आत काहीतरी झालं तर ते आपल्यामुळे झालं असं वाटतं. एक सेकंद गेला की संबंध तुटू लागतो. घड्याळ बघत छोटी छोटी कामं करा, झोपू नका. (हे लेक्चरलाही लागू आहे, असं आमचे सर म्हणतील.)

राहिला खांद्याचा प्रश्न. तो मावशींनीच सोडवला. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकतात, तूप-हळद लावून चोळतात, कारण वर्षभर जू तिथेच असतं. त्याला दुसऱ्या दिवसाच्या जेवणाचं आवतन देतात. म्हणजे शेतकऱ्याच्या घरचा माणूस बैलाला हात लावणार तो आधी खांद्याला, मग गळ्याखालच्या पोळीला. डोक्यावर थोपटतात ते कुत्र्याला. आम्ही बैलाच्या कातड्यात कुत्रा घातला होता. आणि हसण्याबद्दल त्यांनी एकच विचारलं, "बैल कधी हासते का रे?" मग हात लावल्यावर बैल करतो तरी काय? माशी बसल्यासारखी कातडी थरथरवतो, कान मागे घेतो, फुस्स करून श्वास सोडतो. हे मावशी सांगत होत्या आणि मी मेसच्या हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेत होतो. आमच्या प्रोजेक्टचं सगळ्यात उपयोगी पान ते.

कीबोर्डबद्दल आमच्यात भांडण झालं. पार्टनरचं म्हणणं, माणूस मागे असण्यात चूक काय? अमेरिकेत डिस्नेच्या पार्कमध्ये 2004 पासून पडद्यावरचं एक कासव पोरांशी गप्पा मारतं, त्याच्या मागे जिवंत कलाकारच असतो. आपल्याकडे तर यशवंत केशव पाध्यांचा अर्धवटराव शंभरी ओलांडून गेला, रामदास पाध्यांनी त्याला घरोघरी पोचवला, 'झपाटलेला' मधला तात्या विंचूही त्यांच्याच हातचा. मागे माणूस आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं? मी म्हटलं, तेच तर! तिथे बोलका बाहुलीकार शेजारीच बसलेला दिसतो, आपला खांबामागे लपला होता. जोसेफ वायझनबॉमनं 1966 मध्ये 'एलिझा' हा गप्पा मारणारा प्रोग्रॅम लिहिला. तो कसा चालतो हे माहीत असूनही त्याच्या सेक्रेटरीनं, प्रोग्रॅमशी बोलताना, त्यालाच खोलीबाहेर जायला सांगितलं. तो घाबरला तो यामुळे, की माणसं इतक्या थोड्यानं भुलतात. पण मला वाटतं तान्हा पोळ्याला तसं होत नाही. लाकूड आहे हे ठाऊक असून माणूस घास भरवतो, त्यात तो फसत नाही. मावशी फसल्या नव्हत्या. आम्हीच त्यांना फसवायला गेलो आणि पकडले गेलो. कीबोर्ड आता कपाटात आहे.

यंदाच्या तान्हा पोळ्याला सर्जा पुन्हा गेटवर उभा राहिला. मावशी नातीला घेऊन आल्या. पोरीच्या हातात वीतभर लाकडी नंदी, दोरी बांधलेला. मावशी वाकल्या, सर्जाही वाकला. त्यांनी खांद्यावर हात ठेवला आणि पडद्यावर मानेची कातडी थरथरली. त्यांनी झटकन हात मागे घेतला, मग हसल्या आणि पुन्हा ठेवला. नातीला म्हणाल्या, "माशी बसली असन त्याले. हात फिरव."

बोजारा म्हणून आम्ही पोरीला वीस रुपये आणि चॉकलेट दिलं. जाता जाता मावशी थांबल्या. "सकायपासून उभा हाय हा. पाणी दाखोलं का कोणी?"

आमच्या प्रोग्रॅममध्ये झोप आहे, सावधपणा आहे, ओळख आहे, लाड आहेत. तहान नाही. ती कशी घालायची, बादली समोर आणली हे त्याला कसं कळणार, पाणी दाखवलंच नाही तर त्यानं काय करायचं, हे पुढच्या बॅचनं बघावं. सर्जा एम्बेडेड लॅबच्या मागच्या कपाटात आहे, किल्ली लॅब असिस्टंटकडे. उजव्या खांद्याची पट्टी थोडी सुटली आहे, आधी ती चिकटवा. वहीचं ते पान झेरॉक्स करून आत ठेवलंय. मूळ वही मेसमध्येच आहे, कारण पुढच्या बाजूला तुमची बिलं आहेत.